जांभळ्या झाकणाची नळी आणि होमोसिस्टीनचा आकडा

रिपोर्टवर 'होमोसिस्टीन २४', शेजारी वर तोंड केलेला बाण, आणि तो कागद घेऊन काउंटरपाशी थांबलेला माणूस. कोल्हापुरात लॅबचं काम करणाऱ्यांना हे आता नेहमीचं झालं आहे. होमोसिस्टीन म्हणजे जेवणातल्या प्रथिनांतून शरीरात तयार होणारा एक पदार्थ. माणसानं तोवर मोबाईलवर 'हार्ट ॲटॅक' वाचलेलं असतं, चेहरा उतरलेला असतो. आम्ही लगेच औषधाचा विषय काढत नाही. आधी विचारतो : रक्त कुठं काढलं, किती वाजता काढलं, आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये (पेशी खाली बसवणाऱ्या मशीनमध्ये) फिरवायला किती वेळ गेला?

उत्तर बऱ्याचदा असं येतं, की सकाळी आठला गावातल्या सेंटरवर काढलं आणि दुपारच्या गाडीनं शहरात आलं. गगनबावडा ते कोल्हापूर ५५ किलोमीटर, चंदगडहून शंभरावर. त्या सगळ्या वाटेत नळीतल्या तांबड्या पेशी जिवंतच असतात. त्या होमोसिस्टीन तयार करून बाहेर टाकत राहतात. शरीरात ते यकृत आणि मूत्रपिंडं उचलून घेतात, नळीत उचलणारं कुणी नसतं. साध्या तापमानाला तासाला साधारण १० टक्के वाढ होते. म्हणजे ज्याचं खरं मूल्य १२, त्याच्या नळीत चार तासांनी १६-१७. वरची हद्द १५ मायक्रोमोल प्रति लिटर. बाण छापला जातो आणि धडधाकट माणसाच्या मागं गोळ्या लागतात.

म्हणून या तपासणीत निम्मं काम सुईपाशीच होतं किंवा बिघडतं. आमची पद्धत अशी : जांभळ्या झाकणाची, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ईडीटीएची नळी आधीच फ्रीजमध्ये गार करून ठेवायची. रक्त आलं की ती आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, झटके द्यायचे नाहीत. मग स्टीलच्या डब्यात बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र करून त्यात रक्ताच्या पातळीपर्यंत उभी बुडवायची. नुसत्या खड्यांवर आडवी टाकली तर एकाच बाजूनं गारवा लागतो. आणि फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक नळीला थेट चिकटू द्यायचा नाही. तिथं रक्त जागच्या जागी गोठतं, पेशी फुटतात, आणि फिरवल्यावर वर फिकट पिवळ्या प्लाझ्माऐवजी (रक्ताच्या पातळ भागाऐवजी) कोकम सरबतासारखं गुलाबी पाणी दिसतं. होमोसिस्टीनला त्याचा फार फटका बसत नाही, पण त्याच वेळी फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचं जीवनसत्त्व, मागितलं असेल तर तो नमुना बाद. तांबड्या पेशीत सीरमच्या, म्हणजे गुठळी झाल्यावर उरणाऱ्या पाण्याच्या, कैक पट फोलेट भरलेलं असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी कमतरता असलेल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल येतो.

तासाभराच्या आत नळी फिरवायची, दहा मिनिटं. इथं एक चूक फार दिसते. 'तीन हजारवर लाव' हा सल्ला सगळीकडं तोंडपाठ आहे, पण मिळणारं बल रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या छोट्या मशीनवर मिनिटाला ३००० फेऱ्यांना जेमतेम १००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट बल मिळतं. १५०० जी हवे असतील तर त्याच मशीनवर ३७०० च्या आसपास फेऱ्या लागतात. कमी फिरवलेल्या नळीत थर नीट बसत नाही आणि पिपेटमध्ये पेशी येतात. मधला पांढरट थर न ढवळता वरचा प्लाझ्मा वेगळ्या नळीत काढला, की घाई संपते. वेगळा केलेला प्लाझ्मा साध्या तापमानाला निदान चार दिवस आणि फ्रीजमध्ये काही आठवडे टिकतो. गावाकडच्या सेंटरना आमचं सांगणं एवढंच असतं : रक्त पाठवू नका, प्लाझ्मा पाठवा. एक लहान सेंट्रिफ्यूज आणि झाकणाच्या चार नळ्या, याहून जास्त काही लागत नाही. ते जमत नसेल तर पेशंटलाच शहरात पाठवलेलं बरं.

सीरमवर होमोसिस्टीन करणं आम्ही टाळतो. गुठळी व्हायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्यात आकडा चढतो.

पेशंटची तयारीही या कामातच येते. १० ते १२ तास उपाशी, साधं पाणी चालतं. आदल्या रात्री मटणाचं जेवण नको. प्रथिनं जास्त गेली की पुढचे काही तास होमोसिस्टीन वर राहतं. सकाळची फोलिक ॲसिडची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. ती आधी घेतली तर सीरम फोलेट मशीनच्या वरच्या हद्दीच्या पलीकडं जातं, आणि त्या आकड्यातून गोळी घेतली एवढंच कळतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांना आम्ही मुद्दाम विचारतो. बी-१२ आणि फोलेट मोजणाऱ्या बऱ्याच मशीनची रासायनिक बांधणी बायोटिनवर उभी असते. रक्तात बायोटिन भरपूर असलं की दोन्ही आकडे खोटे जास्त येऊ शकतात. दोन दिवस गोळी बंद, मग नमुना. लाल इंजेक्शन घेतलेल्यांचंही तेच. बी-१२ चं इंजेक्शन लालच असतं, त्यामुळं लोकांना नाव आठवलं नाही तरी रंग आठवतो. ते महिन्याभरात झालं असेल तर सीरम बी-१२ मोजण्यात पैसे घालवू नयेत.

आता आकडा खरा आहे असं धरू. १५ ते ३० सौम्य, ३० ते १०० मध्यम, १०० च्या वर तीव्र. बऱ्याच मशीनची मोजायची हद्द ५० असते, म्हणून रिपोर्टवर '५० पेक्षा जास्त' एवढंच छापून येतं. नमुना पातळ करून पुन्हा लावायला सांगावं, कारण ५५ आणि १३० यांचे अर्थ वेगळे आहेत. लहान मुलात शंभराच्या पुढं आकडा असेल, डोळ्याचं भिंग सरकलेलं असेल, हातपाय लांबसडक असतील, तर जन्मजात होमोसिस्टिन्युरियाचा विचार करावा लागतो. तो आजार पहिल्यांदा १९६२ मध्ये ओळखला गेला. मोठ्या माणसात मात्र आपल्याकडं शोध बहुतेक वेळा बी-१२ पाशी येऊन थांबतो.

हे का, ते समजून घ्यायला थोडं रसायनशास्त्र लागतं, आणि ते अवघड नाही. जेवणातल्या प्रथिनांतून मेथिओनिन येतं. शरीर त्याच्यावरचा मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, काढून कामाला लावतं : डीएनएवर खुणा करायला, मज्जातंतूंचं आवरण राखायला, क्रिएटिन बनवायला. गट काढून घेतला की उरतं ते होमोसिस्टीन. त्याला दोन वाटा आहेत. एक, परत मेथिओनिन होणं. दुसरी, बी-६ च्या मदतीनं सिस्टीन होऊन शरीराबाहेर पडण्याच्या मार्गाला लागणं. पहिल्या वाटेवर नवा मिथाइल गट फोलेट आणतं, बी-१२ तो हातात घेतं आणि होमोसिस्टीनवर ठेवतं. यकृतात आणि मूत्रपिंडात बीटेन नावाच्या पदार्थाचीही एक पायवाट आहे, पण मेंदूला ती उपलब्ध नाही.

बी-१२ नसेल तर फोलेट मिथाइल गट घेऊन तसंच उभं राहतं. मिथाइल लागलेलं फोलेट मागं फिरू शकत नाही, ती पायरी एकेरी आहे. फोलेट रक्तात भरपूर, आणि पेशीला उपयोगाचं काहीच नाही. लॅबमध्ये याचंच प्रतिबिंब दिसतं : बी-१२ १४०, होमोसिस्टीन ३८, आणि फोलेट नॉर्मलच्या वरच्या टोकाला. असा रिपोर्ट पाहून 'फोलेट चांगलं आहे' म्हणून सोडून देऊ नये. ते अडकलेलं फोलेट आहे.

पेशीला फोलेट मिळालं नाही की डीएनएतलं थायमिडिन कमी पडतं. केंद्रक मागं राहतं, बाकीची पेशी वाढत जाते. हे काचपट्टीवर डोळ्यांनी दिसतं, आणि दरवेळी आम्ही ते नीट बघतो. लिशमन स्टेननं रंगवलेली रक्ताची पट्टी तेलाच्या भिंगाखाली धरली की तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती दिसतात, मधला फिकट भाग नाहीसा झालेला असतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक एरवी तीन-चार पाळ्यांचं (भागांचं), इथं पाच-सहा पाळ्या बारीक धाग्यांनी जोडलेल्या. १०० न्यूट्रोफिल मोजून पाचाहून जास्त पेशींत पाच पाळ्या असल्या, किंवा एकातही सहा दिसल्या, तरी शेरा लिहायचा. मशीनचा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, मात्र फसवतो. १०० च्या वर असला तर प्रश्नच नाही. पण लोह कमी असणाऱ्या बाईत मोठ्या आणि लहान पेशी मिसळून सरासरी ८८ येते आणि सगळं ठीक वाटतं. तिथं आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, वाढलेला असतो. तो बघून पट्टी काढायची, नुसत्या छापील काउंटवर विसंबायचं नाही.

इथं मुंबईची आठवण काढायलाच हवी. लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांना होणारा मोठ्या पेशींचा पंडुरोग त्यांनी अभ्यासला आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं, त्या कामाचे प्रमुख आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. फोलिक ॲसिडची साधी पिवळी गोळी हातात घेताना एवढं माहीत असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि पुणंही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ च्या वर. हे २००६ मध्ये छापून आलं. मशीन बिघडलंय का, अशी शंका आमच्याकडं रिपोर्ट घेऊन येणारे काढतात, तेव्हा हे आकडे सांगावे लागतात.

कोल्हापुरात मात्र एक प्रश्न हमखास येतो. "आमच्यात बुधवार-रविवार मटण असतंय. मग बी-बारा कमी कसं?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर आतड्यात आहे. बी-१२ शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातले, तो पकडून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) लागतात. हे ग्राहक एका जेवणात जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम घेऊ शकतात. १०० ग्रॅम मटणात दोनाच्या आसपास असतं. रविवारी पाव किलो खाल्लं तरी पहिल्या काही तुकड्यांतच ती रांग भरते, पुढचं तसंच निघून जातं. गरज मात्र रोजची दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. शिवाय ताटात पाहिलं तर रस्सा चार वाट्या आणि फोडी तीन. बी-१२ जास्त करून फोडीत असतं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात कमी. मग श्रावण येतो, नवरात्र येतं, सोमवार-शनिवार असतात. त्यापेक्षा रोज दोन वेळा एकेक पेला दूध, एक अंडं, वाटीभर दही हे जास्त कामाचं. दुधात १०० मिलिलिटरला ०.४ च्या आसपास असतं आणि ते थोडं थोडं असल्यामुळं नीट शोषलं जातं. गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज पेलाभर दूध पिणाऱ्या जुन्या पैलवानांची सवय या हिशेबात बसते. तालमीतल्या नव्या पोरांना सांगणं एवढंच, की कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, तेव्हा दूध एक उकळी आणून प्यावं. तासभर आटवत ठेवू नये, त्यात बी-१२ चा काही भाग जातो.

खाणं चांगलं असूनही आकडा खाली असेल तर गोळ्यांची पिशवी बघायला मागतो. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असतं, ॲसिडिटीची सकाळची गोळी कुणीतरी पाच वर्षांपूर्वी लिहून दिलेली असते आणि बंद करायची राहिलेली असते. दोन्हींमुळं बी-१२ खाली येतं. फिटची फेनिटॉइन आणि संधिवाताची मेथोट्रेक्सेट फोलेटच्या आड येतात. याखेरीज किडनीचं क्रिएटिनिन आणि थायरॉइडचं टीएसएच बघितल्याशिवाय होमोसिस्टीनचा अर्थ लावू नये. किडनी मंदावली किंवा थायरॉइड कमी झालं तरी होमोसिस्टीन चढतं, आणि तिथं जीवनसत्त्वांनी ते पूर्ण खाली येत नाही. बी-१२ २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या धूसर पट्ट्यात असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी करता येते. ते फक्त बी-१२ च्या कमतरतेत वाढतं, फोलेटच्या नाही. अर्थात किडनी चांगली असेल तरच.

फोलेट वापरात आणणाऱ्या एमटीएचएफआर या जनुकाची तपासणी सध्या पॅकेजमध्ये घालून विकली जाते. तिची गरज जवळपास कधीच पडत नाही. जनुकाची प्रत बदललेली असली तरी उपचार तोच राहतो.

उपचारात एकच नियम आम्ही प्रत्येक रिपोर्टवर तोंडी सांगतो : बी-१२ माहीत झाल्याशिवाय एकटं फोलिक ॲसिड सुरू करू नका. गोळीतलं फोलिक ॲसिड अडकलेल्या पायरीला वळसा घालून आत शिरतं. डीएनए बनू लागतो, हिमोग्लोबिन वाढतं, एमसीव्ही खाली येतो, माणसाला बरं वाटतं. पण होमोसिस्टीनवर गट ठेवायला बी-१२ लागतंच, ते अजून नाही. मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं : पायाला मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, चप्पल पायातून कधी निसटली ते न कळणं. रक्त सुधारलेलं असल्यानं कुणाचं तिकडं लक्ष जात नाही. काही महिन्यांनी जे कायमचं जातं ते परत येत नाही. बाजारात मिळणारी ५ मिलिग्रॅमची गोळी तर नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट आहे. ती 'साधी व्हिटॅमिन' म्हणून स्वतःहून घेऊ नये.

कमतरता स्पष्ट असेल आणि मुंग्या, तोल जाणं असेल तर डॉक्टर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं देतात : सुरुवातीला रोज किंवा एकाआड एक, मग आठवड्याला, मग महिन्याला. लक्षणं नसतील तर रोज १००० ची गोळीही चालते. ग्राहकांची रांग भरली तरी एवढ्या मोठ्या मात्रेचा साधारण एक टक्का आपोआप झिरपतो, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्यानं तयार झालेल्या तांबड्या पेशी, पाचव्या ते आठव्या दिवशी उसळतात; ते उसळले नाहीत तर निदान पुन्हा तपासायचं किंवा लोह बघायचं. पंडुरोग तीव्र असेल तर पहिल्या आठवड्यात पोटॅशियम घसरू शकतं, तेव्हा अशा पेशंटला घरी इंजेक्शन देऊन मोकळं होऊ नये. एमसीव्ही जागेवर यायला दोन महिने लागतात.

आता हृदयाचं. १९६९ मध्ये किल्मर मॅककली यांनी होमोसिस्टीन आणि रक्तवाहिन्यांचा संबंध मांडला आणि पुढं मोठमोठ्या चाचण्या झाल्या. २००६ च्या होप-२ चाचणीत ५५२२ लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं फोलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. आकडा उतरला, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघात मात्र थोडे कमी दिसले. २०१५ मध्ये चीनमधल्या २०,७०२ रक्तदाबाच्या रुग्णांत एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळीसोबत ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिल्यावर पहिला पक्षाघात २१ टक्क्यांनी घटला. तिथल्या पिठात फोलिक ॲसिड मिसळलेलं नव्हतं, त्यामुळं गोळीचा फरक दिसायला वाव होता. आमचं मत यावरून स्पष्ट आहे. छातीत दुखत नसताना 'हार्ट पॅकेज' म्हणून होमोसिस्टीन करत बसू नये. मुंग्या, तोंड येणं, विसरभोळेपणा, कारण न सापडणारा थकवा, तरुण वयात शिरेत गुठळी, यासाठी मात्र ते जरूर करावं.

सगळ्यात जास्त लाभ जिथं आहे तिथं होमोसिस्टीन मोजायची गरजही नसते. गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, २८ व्या दिवसापर्यंत मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचं नुकतंच लक्षात आलेलं असतं. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू हवं. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर मात्रा दहापट, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत ४ मिलिग्रॅमनं हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी खाली आलं. लग्न ठरलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन करायला घरचे येतात, तेव्हा आम्ही ही गोष्ट आईसमोर आणि मुलीसमोर दोघींनाही सांगतो, आणि बी-१२ त्याच वेळी करून घ्या म्हणतो. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांच्या अभ्यासात ज्यांचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध आढळला होता. गरोदरपणात होमोसिस्टीन आपोआप उतरतं, तेव्हा तिथं १२ हा आकडा हद्दीत असला तरी चांगला समजू नये.

फोलेटसाठी आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे, राखलं तर. हरभरा, चवळी, मसूर, शेंगदाणे, मेथी, पालक. पण फोलेट पाण्यात विरघळतं. उकडून पाणी ओतून दिलं की निम्म्यापर्यंत गेलं. पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या कटाची आमटी करतात, त्यात ते जातं कुठं? आमटीतच. पालेभाजी चिरून धुण्यापेक्षा धुऊन चिरावी, आणि झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी.

दुसरी तपासणी तीन महिन्यांनी. आधी केली तरी होमोसिस्टीन उतरू लागलेलं दिसतं, पण किती उतरून स्थिरावलं ते कळायला तेवढा वेळ द्यावा. तीच लॅब, तीच पद्धत, तशीच उपाशी सकाळ. स्लिपवर तीन गोष्टी लिहून आणायच्या : रक्त काढल्याची वेळ, शेवटच्या गोळीची किंवा इंजेक्शनची तारीख, आणि नळी बर्फात होती की नाही. वेळ लिहिलेली नसेल तर आम्ही नमुना परत पाठवतो आणि पेशंटला पुन्हा बोलावतो. लोक नाराज होतात, लांबून आलेले असतात, तरी परत पाठवतो.